शूर्पारकाची तीर्थवाट

मुंबईच्या उत्तरेस वसई प्रांतात सोपारे नावाचे जे गाव आहे, त्याचे प्राचीन नाव शूर्पारक. त्याच्या पश्चिमेस, समुद्राकडच्या अंगाला, केळीच्या बागांत आणि विहिरींच्या सोबतीने वटार, वाघोली, गास, निर्मळ ही गावे वसली आहेत. कार्तिक वद्य एकादशी आली की या गावांच्या वाटा निर्मळच्या दिशेने वाहू लागतात. तेथे एका शंकराचार्यांची समाधी आहे आणि त्या दिवसापासून तेथे यात्रा भरते. ही यात्रा जुनी आहे, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु गुरूच्या मागून तीर्थाला जाण्याची या भूमीतील परंपरा किती मागे पोहोचते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

तिचा पहिला धागा महाभारताच्या वनपर्वात सापडतो. अर्जुन अस्त्रप्राप्तीसाठी गेलेला, द्यूतात सर्वस्व हरलेले उरलेले चौघे भाऊ आणि द्रौपदी विमनस्क होऊन वनात बसलेली, अशा वेळी लोमश ऋषी येतात आणि त्यांना तीर्थयात्रेला घेऊन निघतात. निघण्यापूर्वी गुरूची पहिली आज्ञा कोणती? ‘भार कमी कर, थोड्या माणसांनिशी चल.’ तेव्हा युधिष्ठिराने भूक, तहान आणि वाटेचे श्रम ज्यांना सोसणार नाहीत, ज्यांना मिष्टान्नाची सवय आहे, अशा सर्वांना परत पाठविले. त्यांच्या निर्वाहाची सोय मात्र तो लावून देण्यास विसरला नाही. मार्गशीर्षी पौर्णिमा उलटल्यावर, पुष्य नक्षत्रावर मंडळी निघाली. बरोबर इंद्रसेनादी सेवक आणि पंधराएक रथ होते. राजाच्या मानाने ही शिदोरी अगदीच हलकी म्हणावी लागेल.

लोमशांचे दुसरे काम वाटेवर चालू होते. प्रत्येक नदीपाशी, प्रत्येक आश्रमापाशी ते थांबत आणि त्या स्थळाची कथा सांगत. अगस्त्याची कथा, ऋष्यशृंगाची कथा या तेथल्याच. आजचा यात्रेकरू देवळात शिरतो, दर्शन घेतो आणि बाहेर पडतो. त्या यात्रेत ऐकणे हे दर्शनाइतकेच महत्त्वाचे होते. गुरूवाचून ती यात्रा म्हणजे केवळ पायपीट झाली असती.

पूर्व समुद्रावरून कलिंग देशात, तेथून महेंद्र पर्वतावर परशुरामाच्या भेटीस, मग गोदावरी आणि द्रविड देश ओलांडून ही मंडळी पश्चिम किनाऱ्याला शूर्पारकास आली. तेथून त्यांनी समुद्राचा एक लहानसा भाग ओलांडला आणि एका प्रसिद्ध वनात ऋचीकपुत्राची, म्हणजे परशुरामाचा पिता जमदग्नी याची यज्ञवेदी पाहिली. अनेक देवतांची स्थाने पाहून, ब्राह्मणांना वस्त्रे व रत्ने देऊन ते पुन्हा शूर्पारकास परतले आणि पुढे प्रभासाकडे गेले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादिलेले, १९४२ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेले आरण्यकपर्व चाळले, तर हा प्रसंग तेथे वाचावयास मिळतो.

समुद्राचा तो लहानसा भाग म्हणजे अमुक खाडी आणि ते वन म्हणजे अमक्याची वाडी, असा हट्ट कोणी धरू नये. सोपाऱ्याचे बंदर गाळाने भरून कधीच बुजले, किनारा सरकला. पांडवांच्या पावलांचे ठसे शोधणे हे इतिहासाचे काम नव्हे. कवीला शूर्पारक हे तीर्थ म्हणून ठाऊक होते आणि त्या तीर्थाचा परशुरामाच्या कुळाशी संबंध त्याने जाणला होता, एवढे मात्र निश्चित आहे. आणि याला दगडावरचा पुरावा आहे.

तो पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, हा एक गमतीचा योगायोग. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे आपण चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी व तळी खोदली, असे तो सांगतो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहणुका या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेविल्या आणि दोन्ही तीरांवर विसाव्याची व पाणपोईची व्यवस्था केली. पारादा म्हणजे आजची पार, दमण म्हणजे दमणगंगा आणि दाहणुका म्हणजे डहाणूची खाडी. शोर्पारगाच्या रामतीर्थावर राहणाऱ्या चरकांना, म्हणजे फिरत्या तपस्व्यांना, आणि इतर तीन ठिकाणच्या अशाच मंडळींना त्याने नाणंगोल गावची बत्तीस हजार नारळीची झाडे दिली.

ही यादी नीट पाहिली पाहिजे. गुजरातेतून कोकणात उतरणाऱ्या वाटसरूला ज्या ज्या पाण्यापाशी अडून बसावे लागे, तेथे तेथे या राजपुरुषाने नाव उभी केली. नावाड्याला देण्यास ज्याच्या पदरी कवडी नाही, अशा फिरत्या तपस्व्यालाही त्यामुळे पलीकडे जाता आले. देवळे बांधणाऱ्या राजांची नावे सर्वांच्या तोंडी असतात, परंतु नाव आणि पाणपोई ठेवणारा उषवदात शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपतो, हे काही योग्य नव्हे.

पुढची अनेक शतके येथे गाळून निर्मळकडे वळावे लागते. संन्याशाला घर नाही. चातुर्मासाचे चार महिने सोडले तर त्याने एका जागी राहू नये, असा दंडक आहे. आचार्य हिंडत राहतात, शिष्य मागून चालतात. आणि जेथे आचार्यांचा देह राहतो तेथे त्याला अग्नी न देता समाधी देतात. निर्मळला असेच झाले. गुरूची वाट जेथे संपली, तेथे शिष्यांनी दरवर्षी चालत येण्यास आरंभ केला. ज्या एकादशीला आळंदीस ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी वारकरी जमतात, तीच ही कार्तिक वद्य एकादशी.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई प्रांत पोर्तुगीजांना दिला. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले आणि त्याचा हात वसईपर्यंत पोहोचला. हिंदूंच्या उघड पूजा-उत्सवांवर बंदी आली, देवळे पडली. निर्मळचे विमलेश्वराचे प्राचीन लिंग याच काळात नष्ट झाले, अशी परंपरा आहे. त्या दोन शतकांत एकादशी मात्र दरवर्षी येतच होती. पंचांगातील तिथी कोणत्याही कॅप्टनाला बंद करता येत नाही आणि समाधीची जागा आजोबांनी नातवाला बोटाने दाखविली म्हणजे पुरते.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक देणारे कलम होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वसईचे सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांनी पुढे १७५० च्या सुमारास निर्मळची देवळे नव्याने उभी केली. फुटलेल्या लिंगाच्या जागी त्यांनी नवे लिंग बसविले नाही, तर तेथे दत्तात्रेयाच्या पादुका आल्या, असे सांगतात. दत्तात्रेय हा गुरुदेव आणि पादुका ही चालणाऱ्याची खूण. फडक्यांच्या मनात नेमके काय होते ते कागदोपत्री उतरलेले नसले, तरी गुरूच्या समाधीच्या गावाला हीच स्थापना शोभून दिसते.

१८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईस आगगाडी धावू लागली, तेव्हा लांबचा यात्रेकरू स्थानकावर उतरून बैलगाडीने निर्मळला जाऊ लागला. आता तो मोटारीने येतो. वटारसारख्या जवळच्या गावांचे लोक मात्र अजून पायी जाऊ शकतात. या गावांत हिंदू आणि ख्रिस्ती अशी दोन्ही घरे आहेत. निर्मळला समाधीपासून दूर नाही असे होली क्रॉसचे चर्चही आहे आणि यात्रेच्या बाजारात दोन्हीकडची माणसे खरेदीला येतात. राजेळी केळी सोलून उन्हात वाळविलेली सुकेळी, हा या प्रांताचा जुना मेवा. समाधीचे दर्शन घेऊन परतणाऱ्याच्या पिशवीत त्या सुकेळ्यांची एखादी पुडी असतेच.