हायलमचं कूळ लाखेचं

मोशी-भोसरीकडे इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या शेडमध्ये तपकिरी, गुळगुळीत ‘हायलम’ शीट हमखास दिसते. तांब्याच्या पट्ट्या तिच्यावर बसवल्या की करंट बाहेरच्या पत्र्यात उतरत नाही. फिनॉलच्या राळेत भिजवलेले कागदाचे थर तापवून, दाबून ती बनते. ती बेकेलाइटच्या घराण्यातली. कुकरची काळी मूठ, जुनी काळी बटणं, बल्बचे होल्डर ही तिची भावंडं. या घराण्याचा मूळपुरुष मला सापडला तो बोरमाळेच्या पोकळ मण्यात: लाख!

प्लास्टिकचे इतिहास वेगळी वंशावळ मांडतात. हस्तिदंताला पर्याय म्हणून सेल्युलॉइड आलं आणि त्यानंतर बेकेलाइट. मला हे पटत नाही. सेल्युलॉइड भडकन पेटतं. ठिणगी उडणाऱ्या बटणात ते कोण बसवेल? रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड अमेरिकेत प्रयोगाला बसला तो लाखेला पर्याय शोधायला. त्याच्या पहिल्या राळेचं नावच ‘नोव्होलॅक’, म्हणजे नवी लाख. ती फारशी चालली नाही. मग फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडवर उष्णता आणि दाबाचा प्रयोग करत तो १९०७ मध्ये बेकेलाइटपर्यंत पोचला.

लाख तापली की पाघळते, बेकेलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. मग नातं कसलं, असं कुणी विचारेल. पण ही उणीव भरून काढायलाच तर वारस हवा होता. मोटारीच्या वेटोळ्यांना लाखेचं वार्निश लागे, अभ्रकाचे पापुद्रेही लाखेनेच चिकटवत. शिवाय विजेचा धंदा झपाट्याने वाढत होता आणि लाख मात्र किड्याच्या गतीने तयार होत होती. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर, कुसुमावर हा किडा रस शोषतो आणि अंगाभोवती राळ सोडतो. ती खरवडायची, धुवायची, कापडी पिशवीत भरून निखाऱ्यांपुढे पिळायची आणि गरम असतानाच हातापायांनी ताणून पातळ पत्रा करायचा. कारखान्यांची भूक त्यावर कशी भागणार?

लाखेचा विजेसंबंधीचा गुण युरोपला त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होता. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम गिल्बर्टने १६०० साली, घासल्यावर हलके कण ओढणाऱ्या पदार्थांत शिक्क्याची लाख नोंदवली. तांब्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, लाखेत जखडलेले असतात, म्हणून घासलेल्या जागचा विद्युतभार वाहून जात नाही. जो गुण कण ओढतो, तोच करंट अडवतो. तारेवर लाख चढवण्याची कल्पना अशा प्रयोगवाल्यांनाच सुचली असणार, असा माझा ठाम तर्क आहे.

आजही जळालेली मोटार रिवाइंडिंगला आली की नवी तार भरून तिला वार्निश पाजतात आणि भट्टीत सुकवतात. वार्निश आता कृत्रिम असतं. पण तारा हलू न देणं, ओल आत शिरू न देणं, करंट जागच्या जागी ठेवणं ही कामं लाखेनेच घालून दिलेली आहेत. हायलमच्या वंशावळीत पहिलं नाव तिचंच लागलं पाहिजे.