शरणपूरची मुलं आणि डॉ. लिव्हिंग्स्टन यांचं न जुळलेलं हाड

विंचूर, लासलगाव, निफाडकडच्या रुग्णाला मोठ्या तपासणीसाठी नाशिकला पाठवलं, की बरेचदा चिठ्ठीवर पत्ता असतो ‘शरणपूर रोड’. दवाखाने, लॅब, मेडिकलची दुकानं, पार्किंगची मारामारी. या रस्त्याला शरणपूर हे नाव का पडलं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. त्या नावामागे एक गोष्ट आहे. तिच्यात वैद्यकशास्त्र भरपूर आहे, म्हणून ती या ब्लॉगवर सांगायला हरकत नाही.

शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं, आसऱ्याला आलेल्यांचं गाव. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या संस्थेचं काम नाशिकमध्ये १८३२ पासून सुरू होतं. तिचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४-५५ च्या सुमारास शहराबाहेर ही वस्ती वसवली. अनाथ मुलं, धर्म बदलल्यामुळे घराबाहेर पडलेली माणसं, असे लोक तिथे राहत. मुलांना लिहिणं-वाचणं आणि सोबत सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकवले जात.

मग १८६० च्या सुमारास तिथे वेगळीच मुलं येऊ लागली. आफ्रिकेची.

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून, गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे विकायला नेत. इंग्रजी आरमार अशी गलबतं समुद्रात अडवायचं. गुलाम सुटायचे, पण सुटलेल्या सात-आठ वर्षांच्या पोराला ठेवायचं कुठे? त्याचं गाव आत शेकडो मैलांवर, बहुधा जळालेलं. परत सोडलं तर पुन्हा पकडलं जाणार. यातली काही मुलं मुंबईला उतरवली गेली आणि तिथून नाशिकला आली. गोदावरीकाठी ती इंग्रजी आणि हिंदुस्तानी शिकली, रंधा मारायला, घण घालायला शिकली. त्यांना नवी नावं मिळाली, नवा धर्मही मिळाला. ‘तुला हे हवं का’ असं त्यांना कुणी विचारलं नसणार. मिशनच्या कामाचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवू नये, असं मला वाटतं. पण पोटभर जेवण, डोक्यावर छप्पर आणि हाताला कसब मिळालं, हेही तितकंच खरं.

आता या गोष्टीतला डॉक्टर. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे स्कॉटलंडचे. लहानपणी कापडगिरणीत राबले, १८४० मध्ये डॉक्टरकीचा परवाना मिळवला आणि मिशनरी म्हणून आफ्रिकेत गेले. १८६५ मध्ये ते मुंबईला आले आणि शेवटच्या मोठ्या प्रवासासाठी माणसं जमवू लागले. शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर निघाले. मुंबईतल्या मिशन शाळेत शिकलेला चुमा आणि मुंबईच्या गोदीत काम करणारा सुसी हे दोघेही सोबत होते. ही मूळची आफ्रिकेचीच माणसं.

लिव्हिंग्स्टन यांची प्रकृती हा स्वतंत्र धडा आहे. त्यांना मूळव्याध होती आणि रक्त जात असे. आफ्रिकेला निघण्यापूर्वी इंग्लंडमधल्या सर्जननी ऑपरेशनचा सल्ला दिला होता, पण तो त्यांनी मानला नाही. कारण वाचून आजच्या कुठल्याही डॉक्टरला हसू येईल: आपल्या दुखण्याची चारचौघांत चर्चा नको! दीडशे वर्षं झाली, हे कारण आम्ही ओपीडीत अजून ऐकतो. दुसरं दुखणं मलेरियाचं. डास तो पसरवतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला १८९७ मध्ये दाखवलं, म्हणजे लिव्हिंग्स्टन गेल्यानंतर जवळजवळ पाव शतकाने. तरी क्विनाइन घेतलं की ताप उतरतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी क्विनाइन आणि जुलाबाची औषधं एकत्र करून स्वतःच्या गोळ्या बनवल्या होत्या. १८६७ च्या जानेवारीत दोन हमाल पळून गेले आणि औषधांची पेटी त्यांच्याबरोबर गेली. आपल्याला मृत्यूची शिक्षाच झाली, अशा अर्थाचं त्यांनी तेव्हा लिहून ठेवलं. त्यानंतर ते सहा वर्षं जगले. ताप, आमांश आणि रक्तस्राव सोसत.

१८७२ मध्ये नाशिकहून आलेले आणखी सहा तरुण त्यांच्या मदतीला पोचले. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार होते. १ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातल्या चितांबो या मुखियाच्या गावात, लिव्हिंग्स्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत सापडले.

इथून पुढचे सगळे निर्णय या आफ्रिकी माणसांचे. साहेब कुणी नाही, हुकूम देणारा नाही, पगाराची शाश्वती नाही. तिथेच पुरून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी ठरवलं की देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा. सुसी आणि चुमा पुढारी झाले.

पण पायी कित्येक महिन्यांची वाट, तीही उष्ण प्रदेशात. देह टिकणार कसा? फरिजाला नावाच्या एकाने झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकरी केली होती आणि शवविच्छेदन कसं करतात हे थोडंफार पाहिलं होतं. त्याच्या मदतीला दिला शरणपूरचा कॅरस. दोघांनी पोट उघडून आतले अवयव काढले. डाव्या बाजूला तळहाताएवढी रक्ताची गाठ दिसल्याची नोंद आहे. हृदय आणि इतर अवयव पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरले आणि जेकबने प्रार्थना वाचली. सामानाची यादीही त्यानेच लिहिली, झाडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. मग देहात मीठ भरलं, चेहऱ्याला ब्रँडी लावली आणि चौदा दिवस उन्हात ठेवला.

यामागचं शास्त्र आपल्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. कांदा नीट न सुकवता ओलाच चाळीत भरला तर काय होतं? सडवणाऱ्या जंतूंना पाणी लागतं. मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं, ऊन ते उडवून लावतं आणि जंतूंची वाढ थांबते. सर्वांत आधी आतडी सडतात, कारण जंतूंचा साठाच तिथे असतो. म्हणून आतले अवयव काढणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी होती, आणि ती त्यांनी अचूक केली.

वाळलेला देह कापडात गुंडाळला, पाय दुमडले, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातला आणि वरून शिडाचं कापड शिवलं. दीड हजार किलोमीटरहून लांब वाट. सुरुवातीलाच बहुतेक सगळे तापाने पडले, काही दगावले. ऑक्टोबरमध्ये आजच्या टांझानियातल्या ताबोराजवळ लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. देह इथेच पुरा, असं त्याने सुचवलं. त्यांनी नकार दिला. पुढे एका ठिकाणी प्रेत गावातून नेऊ देईनात. तेव्हा त्यांनी ताटांची मोळी बांधून ‘प्रेत परत पाठवलं’ असं सोंग केलं आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे काढला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या बंदरावर पोचले. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला आणि बहुतेकांना पगार देऊन वाटेला लावलं.

१५ एप्रिलला देह लंडनला पोचला. प्रश्न आला, हा लिव्हिंग्स्टन यांचाच कशावरून? चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. सर विल्यम फर्ग्युसन या सर्जननी डावा दंड तपासला. १८४४ मध्ये माबोत्सा इथे सिंहाने लिव्हिंग्स्टन यांचा हाच दंड चावला होता. अकरा दातांच्या जखमा झाल्या आणि हाडाचा चुरा झाला. ही हकीकत त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केली होती. फर्ग्युसन यांना दंडाच्या वरच्या भागात तिरकं मोडलेलं, कधीच न जुळलेलं हाड मिळालं. ओळख पटली.

हाड का जुळलं नसेल? मोडलेल्या टोकांमध्ये आधी रक्त साकळतं, मग मऊ जोड तयार होतो आणि हळूहळू त्याचं टणक हाड बनतं. दंडाच्या हाडाला याला साधारण दोन ते तीन महिने लागतात. त्यासाठी टोकं जवळ हवीत, स्थिर हवीत, रक्तपुरवठा चांगला हवा आणि जखमेत जंतू नकोत. सिंहाच्या दातांची जखम, अँटिसेप्टिक नाही, एक्स-रे नाही, आणि पुरतं बरं होण्याआधी घर बांधण्याचं काम. टोकं हलत राहिली की शरीर त्यांच्यामध्ये हाडाऐवजी तंतूंचा पडदा बनवतं. कधी तर तिथे सांध्यासारखी पोकळी होऊन पाणीही धरतं. याला आम्ही खोटा सांधा म्हणतो. लिव्हिंग्स्टन तीस वर्षं असाच हात वापरत होते.

असे हात आजही दिसतात. कधी पट्टा बांधून दुसऱ्याच आठवड्यात ट्रॅक्टरवर बसलेले, कधी ‘खाज येते’ म्हणून प्लास्टर घरीच कापलेले. तंबाखू, मिसरी, विडी आणि ताब्यात नसलेली शुगर यांनीही हाड जुळायला उशीर होतो. तीन महिन्यांनंतरही मोडलेल्या जागी दुखत असेल किंवा तिथे हालचाल जाणवत असेल, तर पुन्हा एक्स-रे काढा. आज यावर प्लेट टाकून आणि कमरेचं हाड लावून चांगला इलाज होतो.

१८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये एकच आफ्रिकी होता, शरणपूरचा जेकब वेनराइट. त्याचं जहाजाचं भाडं मिशनने भरलं होतं. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. पुढे सर्वांसाठी पदकं पाडली गेली, पण तोवर माणसं पांगली होती. जेकब आफ्रिकेला परतला आणि १८९२ मध्ये उरांबो इथे वारला.

शरणपूरचं आफ्रिकी पर्व त्यानंतर लवकरच संपलं. प्राइस स्वतः १८७४ च्या अखेरीस मोंबासाला गेले आणि तिथे सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वस्ती उभारली. नाव दिलं मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. नाशिकला शिकलेले आफ्रिकी तिकडे शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे म्हणून गेले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे तर १८६४ मध्येच मोंबासाजवळच्या राबाईला गेले होते, आणि पुढे धर्मगुरू झाले. तिकडे या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. नव्याने सुटून येणाऱ्यांची व्यवस्था आता त्यांच्याकडे आली.

फ्रिअर टाउनची घंटा मोंबासात अजून आहे. तिच्यावरून त्या भागाला केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. लिव्हिंग्स्टन यांचा देह वाहून नेणाऱ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात दीर्घकाळ जगला आणि १९३५ मध्ये वारला.