नामांकन, अंकीय नकाशांवरील

अंकीय नकाशावर गावे, नद्या, रस्ते यांची नावे वाचता येतील अशी बसवण्याची प्रक्रिया. छापील नकाशात हे काम नकाशाकार हाताने, सावकाश करीत. स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी 1962 मध्ये त्याचे नियम मांडले: नाव कोणत्या खुणेचे आहे ते पाहताक्षणी कळावे, नावांनी एकमेकांना झाकू नये, नदीचे नाव तिच्या वळणाने जावे. गावाच्या ठिपक्यासाठी उजवीकडची वरची जागा सर्वांत चांगली मानतात.

पडद्यावर नकाशा सतत लहानमोठा होतो, फिरतो. म्हणून मांडणी दर वेळी क्षणार्धात नव्याने करावी लागते. प्रत्येक नावाभोवती चौकट कल्पून चौकटी एकमेकींवर येतात का, हे संगणक तपासतो. टक्कर झाली की कमी महत्त्वाचे नाव गळते. नकाशा लहान केल्यावर पुणे टिकते, शेजारचे लोणी काळभोर नाहीसे होते, ते यामुळेच. सर्वोत्तम मांडणी शोधणे गणिती दृष्ट्या अतिशय कठीण असल्याने व्यवहारात चांगल्यापैकी उत्तरावर भागवतात.

देवनागरीची अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले गेले. ‘पिंपरी’मधली पहिली वेलांटी साठवताना ‘प’नंतर येते, दिसते मात्र त्याच्या आधी. अक्षरजुळणी न जाणणारी प्रणाली ती भलतीकडे टाकते, जोडाक्षरेही फोडते. रोमन लिपीत डोंगररांगेचे नाव अक्षरे विरळ करून पसरवतात. ‘सह्याद्री’ तसे ताणले तर शिरोरेषाच तुटते.