बळी, पीडित आणि मुळशी

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या खोऱ्यात मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचे धरण उभे राहत होते. मुंबईला वीज मिळणार होती, आणि आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालील हा लढा १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झालेच.

धरणविरोधी चळवळींचा आरंभ म्हणून मुळशीचे स्मरण होते. आम्हांला येथे वेगळा प्रश्न विचारावयाचा आहे: ज्यांची भूमी गेली त्यांना कोणत्या शब्दाने ओळखावे? १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या दृष्टीने गुन्हा घडलाच नव्हता. उलट, गुन्हेगार ठरून तुरुंगात गेले ते सत्याग्रहीच. कायद्याला ठाऊक होती ती नुकसानभरपाई, तीही मालकीच्या कागदावर. पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेलेल्या असल्याने त्यांचे लक्ष भरपाईकडे होते. कसणाऱ्याला जमीनच हवी होती.

२९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पीडितांना न्याय मिळावा म्हणून एक जाहीरनामा स्वीकारला. सन्मानाची वागणूक, झालेल्या हानीची परतफेड, भरपाई आणि वैद्यकीय, मानसिक व सामाजिक साहाय्य ही त्याची चतुःसूत्री. गुन्ह्याच्या पीडितांबरोबरच त्यात सत्तेच्या गैरवापराच्या पीडितांचाही स्वतंत्र विचार आहे: देशाच्या फौजदारी कायद्याचा भंग झालेला नसला, तरी मान्य मानवाधिकारांचा भंग झाला असल्यास माणूस पीडितच होय.

भारताने पहिला भाग हळूहळू आत्मसात केला. २००९ च्या अखेरीस पीडित-भरपाईचे ३५७-अ हे कलम अमलात आले. २०१३ मध्ये महाराष्ट्राने ‘मनोधैर्य’ योजना आणली. परंतु आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील व्याख्येतही पीडित होण्यासाठी कोणी आरोपी लागतोच. मुळशीत आरोपी कोण? कूळ आणि शेतमजूर यांना बाधितांत गणणारा केंद्रीय भूसंपादन कायदाही यावयास २०१३ साल उजाडले.

मराठीत ‘बळी’ म्हणजे ज्याच्यावर आघात झाला तो, आणि मोठ्या कार्यासाठी अर्पण केलेलाही. दुसऱ्या अर्थाची सोय अशी, की त्यात अपराधी कोणीच उरत नाही. प्रगतीसाठी मुळशीचा बळी गेला, असे लिहिताना आपण कोणता अर्थ पत्करतो, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तपासावे, असे आम्हांस वाटते.