युवा वसतिगृह

युवा वसतिगृह (प्रचलित नाव: यूथ हॉस्टेल किंवा नुसते हॉस्टेल) हे प्रवाशांना अल्प दरात तात्पुरता निवारा देणारे सामुदायिक निवासस्थान होय. हॉटेलात संपूर्ण खोली भाड्याने दिली जाते, तर युवा वसतिगृहात बहुधा एक खाट भाड्याने दिली जाते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बैठकीची खोली इत्यादी सोयी सर्व निवासी मिळून वापरतात. त्यामुळे मोजक्या पैशांत एकट्याने परदेश पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशाला ही व्यवस्था विशेष सोयीची ठरते. नावात 'युवा' हा शब्द असला, तरी बहुतेक देशांत सर्व वयाच्या प्रवाशांना येथे प्रवेश मिळतो. मराठीत 'हॉस्टेल' हा शब्द विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठीही रूढ आहे. प्रस्तुत लेख केवळ प्रवाशांच्या वसतिगृहांविषयी आहे.

इतिहास

उगम

युवा वसतिगृहांची कल्पना रिशार्ट शिर्मान (१८७४–१९६१) या जर्मन शाळाशिक्षकाची. ते वेस्टफालिया प्रांतातील आल्टेना या औद्योगिक गावी शिकवीत आणि धुरकट वस्तीतील मुलांना निसर्गाचा परिचय व्हावा म्हणून त्यांच्या पदयात्रा काढीत. २६ ऑगस्ट १९०९ रोजी आल्टेनाहून आखेनकडे जाताना ब्रोल नदीच्या खोऱ्यात त्यांना व विद्यार्थ्यांना वादळाने गाठले. एका खेड्यातील शाळेचा वर्ग त्यांना रात्रीपुरता मिळाला आणि गवताच्या अंथरुणावर मुले झोपली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा अशा रीतीने वापरल्या, तर एकेका दिवसाच्या चालीवर मुक्कामाची जागा उपलब्ध होईल, हा विचार शिर्मान यांना त्या रात्री सुचला.

आरंभी आल्टेना येथील शाळेच्या वर्गातच ही सोय करण्यात आली. पुढे १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमस्वरूपी वसतिगृह स्थापन झाले. ते जगातील पहिले युवा वसतिगृह मानले जाते. तेथील जुनी शयनगृहे आज संग्रहालयाच्या रूपाने जतन केलेली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, शिर्मान आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म म्युंकर यांच्या प्रयत्नांतून जर्मनीत वसतिगृहांची देशव्यापी संघटना उभी राहिली.

प्रसार व नाझी राजवट

१९२९ मध्ये नेदरलँड्समध्ये, १९३० मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये, तर १९३१ मध्ये स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये अशा संघटना स्थापन झाल्या. ऑक्टोबर १९३२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे विविध देशांच्या प्रतिनिधींची परिषद भरली आणि तीतून आंतरराष्ट्रीय महासंघ निर्माण झाला. हा महासंघ आज 'होस्टेलिंग इंटरनॅशनल' या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील पहिले वसतिगृह मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थफील्ड येथे १९३४ मध्ये सुरू झाले.

जर्मनीत मात्र १९३३ मध्ये नाझी राजवटीने वसतिगृहे हिटलर यूथ या संघटनेच्या ताब्यात दिली. शिर्मान यांना १९३६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्षपद सोडणे भाग पडले. कोणाही वाटसरूसाठी खुली असलेली जागा एका पक्षाच्या शिस्तीखाली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिर्मान यांनी जर्मनीतील चळवळीच्या पुनर्उभारणीत भाग घेतला.

रचना व कार्यपद्धती

वसतिगृहातील शयनगृहात साधारणतः चार ते बारा खाटा असतात आणि त्या बहुधा दुमजली असतात. प्रत्येक निवाशाला सामानासाठी कुलूपबंद कप्पा मिळतो. कुलूप पुष्कळदा स्वतःचे आणावे लागते. स्त्रियांसाठी स्वतंत्र शयनगृहे अनेक ठिकाणी असतात, तर काही ठिकाणी स्त्री-पुरुषांची शयनगृहे एकत्र असतात. म्हणून आरक्षण करताना खोलीचा प्रकार पाहणे आवश्यक असते.

पूर्वी येथील नियम कडक होते. रात्री ठरावीक वेळी दारे बंद होत, दिवसा इमारत रिकामी करावी लागे आणि झाडलोट किंवा भांडी घासणे यांसारखे काम प्रत्येकाच्या वाट्याला येई. ब्रिटनमध्ये प्रारंभी पायी किंवा सायकलने येणाऱ्यांनाच प्रवेश असे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात दीर्घकाळ २६ वर्षांची कमाल वयोमर्यादा होती. असे बहुतेक निर्बंध आता शिथिल झाले आहेत.

वसतिगृहांसाठी जुन्या वास्तूंचा उपयोग करण्याची प्रथा आल्टेनाच्या किल्ल्यापासूनच आढळते. स्टॉकहोम येथे 'आफ चॅपमन' या शिडाच्या जहाजावर १९४९ पासून वसतिगृह आहे, तर कॅनडातील ओटावा येथे जुन्या तुरुंगाच्या इमारतीचे वसतिगृहात रूपांतर करण्यात आले. जपानमधील कॅप्सूल हॉटेल हा याच्याशी साम्य असलेला प्रकार होय. पहिले कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाका येथे सुरू झाले. त्यात झोपण्यापुरती बंदिस्त जागा प्रत्येकाची स्वतंत्र असते आणि उर्वरित सोयी सामाईक असतात.

एकल प्रवासी व खर्च

हॉटेलची खोली सामान्यतः दोन व्यक्ती गृहीत धरून आकारलेली असते. दोघांना भाडे निम्मे-निम्मे पडते. एकट्याला ते बहुतांशी पूर्ण सोसावे लागते. सहलसंस्थाही एकट्या प्रवाशाकडून स्वतंत्र खोलीसाठी वाढीव आकार घेतात. अशा प्रकारे एकटेपणाचीच वेगळी किंमत मोजावी लागते. खाटेनिहाय भाड्यामुळे वसतिगृहात हा भुर्दंड टळतो.

दुसरी बचत स्वयंपाकघरामुळे होते. पश्चिम युरोप, ऑस्ट्रेलिया यांसारख्या महागड्या प्रदेशांत उपाहारगृहातील जेवण हा प्रवासखर्चाचा मोठा भाग असतो. बाजारातून शिधा आणून स्वतः रांधल्यास तो बराच कमी होतो. शाकाहारी प्रवाशांच्या दृष्टीने ही सोय केवळ काटकसरीची नसून गरजेचीही ठरते.

तिसरा लाभ सोबतीचा आहे. सामाईक बैठकीत इतर प्रवाशांकडून वाटांची ताजी माहिती मिळते आणि एखाद्या दिवसाच्या भ्रमंतीसाठी सहकारी भेटतात. मात्र सोबत ऐच्छिक राहते. दुसऱ्या दिवशी प्रवासी आपल्या मार्गाने जाऊ शकतो.

शेंगेन क्षेत्राच्या अल्पकालीन व्हिसासाठी अर्ज करताना निवासाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. निवासाच्या पुराव्यासाठी वसतिगृहाचे आरक्षणही सादर करता येते.

मर्यादा

घोरणे, रात्री उशिरा येणारे आणि पहाटे निघणारे निवासी यांमुळे झोपमोड होणे ही नेहमीची तक्रार आहे. चोरीचा धोका असल्याने पारपत्र व पैसे कुलपात किंवा अंगावर ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते. काही वसतिगृहांचा भर रात्रीच्या मौजमजेवर असतो. तेथे विश्रांती मिळेलच असे नाही. मोठ्या शहरांत सुटीच्या हंगामात खाटांचे दर इतके वाढतात, की दोघांना साध्या हॉटेलातील खोली स्वस्त पडू शकते. चादर, पंचा, सामान ठेवणे किंवा स्थानिक पर्यटनकर यांचे पैसे निराळे असल्यास जाहीर दरापेक्षा प्रत्यक्ष खर्च अधिक होतो. दाटीच्या खोलीत सलग काही रात्री काढल्यावर एखादी रात्र स्वतंत्र खोलीत घालवण्याचा मार्ग अनेक प्रवासी स्वीकारतात. त्यासाठी बऱ्याच वसतिगृहांत एकेरी व दुहेरी खोल्याही असतात.

भारतात

वाटसरूंना निवारा देण्याची परंपरा भारतात धर्मशाळांच्या रूपाने जुनी आहे. अहिल्याबाई होळकर यांनी देशातील अनेक तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या. धर्मशाळा प्रामुख्याने यात्रेकरूंसाठी आणि बहुधा दानावर चालणारी असते, तर युवा वसतिगृह पर्यटनासाठी आणि ठरावीक भाड्यावर चालते.

भारतात 'यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया' ही संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली. तिने आयोजित केलेल्या हिमालयातील पदभ्रमण मोहिमा, विशेषतः सार पासची मोहीम, महाराष्ट्रातील युवकांमध्ये लोकप्रिय आहेत. पणजीजवळील मिरामार तसेच छत्रपती संभाजीनगर येथील युवा वसतिगृहे परिचित आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या झोस्टेलसारख्या खासगी साखळ्यांमुळे खाटेनिहाय निवासाची पद्धत शहरी तरुणांत रुळली.

सद्यस्थिती

आंतरजालावरील आरक्षणामुळे खासगी वसतिगृहांची संख्या वाढली; 'होस्टेलवर्ल्ड' हे आरक्षणाचे संकेतस्थळ १९९९ मध्ये सुरू झाले. याउलट सदस्यत्वावर चालणाऱ्या जुन्या संघटना अडचणीत आल्या. कोविड-१९ महासाथीत पर्यटन थांबल्यावर न्यूझीलंडच्या संघटनेने आपण स्वतः चालवीत असलेली वसतिगृहे डिसेंबर २०२१ मध्ये बंद केली. इंग्लंड व वेल्सच्या संघटनेने २०२३ मध्ये २० वसतिगृहे विक्रीस काढली. शहरांत खाटा मिळणे सोपे झाले असले, तरी पायी चालणाऱ्याला एका दिवसाच्या चालीवर निवारा मिळावा ही मूळ कल्पना ग्रामीण वसतिगृहांवरच अवलंबून होती. ती बंद पडल्यास डोंगराळ व दुर्गम भागांत अल्प खर्चात मुक्काम करणे कठीण होते.