बिटकॉइन आणि पर्यायी कूटचलने : तुलना

कूटचलन म्हणजे कूटलेखनशास्त्राच्या आधारे चालणारे, कोणत्याही मध्यवर्ती बँकेने न काढलेले अंकीय चलन होय. व्यवहारात त्यास 'क्रिप्टोकरन्सी' किंवा नुसते 'क्रिप्टो' म्हणतात. बिटकॉइननंतर निघालेल्या चलनांना 'अल्टकॉइन' अशी संज्ञा आहे. यांपैकी कोणते चलन सरस, हा वाद मुख्यत्वे पुरवठ्याची मर्यादा, व्यवहाराचा वेग, विजेचा वापर आणि नियंत्रण या चार निकषांभोवती फिरतो. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात गेनबिटकॉइन प्रकरणामुळे हा वाद पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचला.

तुलनेचे निकष

पुरवठा : सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले. त्याची कमाल संख्या २.१ कोटी असून नवी नाणी मिळण्याचे प्रमाण सुमारे दर चार वर्षांनी निम्मे होते. २०११ मध्ये निघालेल्या लाइटकॉइनची मर्यादा ८.४ कोटी आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमच्या 'इथर' या चलनास अशी कमाल मर्यादा नाही.

वेग : बिटकॉइनमध्ये व्यवहारांचा नवा ठोकळा (ब्लॉक) सरासरी १० मिनिटांनी, तर लाइटकॉइनमध्ये अडीच मिनिटांनी तयार होतो. ठोकळ्याचे आकारमान वाढवावे की नाही, या मतभेदातून १ ऑगस्ट २०१७ रोजी 'बिटकॉइन कॅश' हे वेगळे चलन निर्माण झाले.

वीज : बिटकॉइनचे 'खाणकाम' म्हणजे संगणकांद्वारे अखंड चालणारी आकडेमोडीची स्पर्धा; तिला प्रचंड वीज लागते. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये ही पद्धत सोडून चलन तारण ठेवण्याची पद्धत स्वीकारली व आपला वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटवला. तारणपद्धतीत धनिकांचे वजन वाढते, असा बिटकॉइनच्या समर्थकांचा आक्षेप आहे.

नियंत्रण : २०१६ मध्ये 'डाओ' या निधीतून झालेली चोरी निष्प्रभ करण्यासाठी इथेरियमची नोंदवही बदलण्यात आली. हा बदल अमान्य असणाऱ्यांनी जुनी नोंदवही 'इथेरियम क्लासिक' या नावाने चालू ठेवली. एकाच घटनेकडे एका गटाने न्याय म्हणून, तर दुसऱ्याने नियमभंग म्हणून पाहिले.

गेनबिटकॉइन प्रकरण

२०१५ मध्ये अमित भारद्वाज व सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या गेनबिटकॉइन योजनेत, गुंतवलेल्या बिटकॉइनवर १८ महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्येच देण्याचे आश्वासन होते. म्हणजे एका बिटकॉइनचे १.८ बिटकॉइन होणार होते. हा परतावा खाणकामातून येईल, असे सांगितले जाई. मात्र जुलै २०१६ मध्ये खाणकामाचा मोबदला ठरल्याप्रमाणे प्रतिठोकळा २५ वरून १२.५ बिटकॉइनवर आला. मोबदला असा घटत जात असताना ठरीव मासिक परताव्याचे आश्वासन बिटकॉइनच्या मूळ रचनेशीच विसंगत होते. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या (सीबीआय) म्हणण्यानुसार, नवे गुंतवणूकदार कमी होताच २०१७ मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' या योजनेच्या स्वतःच्या चलनात देण्यात येऊ लागला. त्याचे मूल्य बिटकॉइनच्या तुलनेत फारच कमी होते.

पुण्यातील दत्तवाडी आणि थेरगावप्रमाणेच पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत असलेल्या निगडी येथील पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले गेले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यांना अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. मार्च २०२२ मध्ये तपासात साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच, आरोपींकडील कूटचलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. ज्याच्या हाती गुप्त किल्ली (प्रायव्हेट की), त्याच्याच ताब्यात चलन, हे तत्त्व बहुतेक सर्व कूटचलनांना लागू पडते. पुढे तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने पुणे, नांदेड व कोल्हापूरसह अनेक शहरांत झडती घेतली.

भारतातील कायदेशीर स्थिती

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना कूटचलन व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के आयकर लागू आहे. हा करनियम बिटकॉइन, इथर वा एखादे अल्पपरिचित चलन यांत भेद करत नाही; एका चलनातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजाही करता येत नाही. कूटचलनास भारतात वैध चलनाचा दर्जा नाही.