हंगेरीची तांबडी मिरची

हंगेरीचे नाव काढताच खाण्याची आवड असणाऱ्यास तेथील तांबड्या मिरचीची, म्हणजे पापरिकेची, आठवण होते. वस्तुतः ही मिरची त्या देशाच्या हजार वर्षांच्या इतिहासात फार उशिरा आली. १५२६ साली मोहाचच्या लढाईत हंगेरीच्या राजाला प्राण गमवावे लागले. १५४१ साली बुडा तुर्कांच्या हाती गेले आणि १६८६ पर्यंत तेथे त्यांचा अंमल राहिला. अमेरिकेत जन्मलेले हे झुडूप त्या काळात तुर्कांच्या संगतीने डॅन्यूबच्या खोऱ्यात रुजले. लोक त्याला 'तुर्की मिरे' म्हणत. 'पापरिका' हा शब्दही स्लाव भाषांतील मिऱ्याच्या नावावरून आलेला आहे. आपल्या 'मिरची'च्या पोटात 'मरीच' दडलेले आहेच. पोर्तुगीजांनी आणलेल्या या पाहुणीला आपणही जुन्याच नावाने हाक मारली.

सरदारांनी हे झुडूप प्रथम बागेत शोभेसाठी लावले. ते खाल्ले कुणब्यांनी आणि गुराख्यांनी, कारण काळी मिरी त्यांना परवडणारी नव्हती. 'गुयाश' या शब्दाचा मूळ अर्थच गुराखी. मोठमोठे कळप राखणारी ही माणसे उघड्या माळावर कढईत मांस शिजवीत. १७८४ साली सम्राट दुसरा जोसेफ याने जर्मन ही राज्यकारभाराची भाषा ठरविली, तेव्हा दुखावलेल्या उमरावांना एकाएकी आपल्या देशी पोशाखाची, भाषेची आणि गुराख्यांच्या या कालवणाचीही थोरवी पटली. एरवी शिष्टांचे अन्न खाली झिरपते. येथे ते खालून वर चढले.

या स्वयंपाकाचे मर्म एका क्षणात आहे. डुकराच्या चरबीत कांदा मंद आचेवर परतावयाचा, मग भांडे विस्तवावरून उतरवून त्यात मिरचीची पूड घालावयाची. भांडे चुलीवरच राहिले तर पुडीतील साखर करपते आणि सारे कडू होते. ही गोष्ट मुली आईजवळ उभ्या राहून शिकत. पूड तिखट असावी की सौम्य, हा प्रश्न १८५९ साली सेगेद येथील पालफी बंधूंनी सोडविला. शिरा आणि बिया काढून टाकण्याची रीत त्यांनी रूढ केली. याच सेगेदच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्ग्यी यांना 'क' जीवनसत्त्वाचा विपुल साठा मिरचीत सापडला. रात्रीच्या जेवणातील मिरची खावीशी वाटेना, म्हणून ती प्रयोगशाळेत नेली, अशी हकीकत ते स्वतःच सांगत. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मिरचीइतकाच मानाचा पदार्थ म्हणजे घरचे डुक्कर. हिवाळ्यात पहाटेच ते कापीत. घरची, शेजारची सारी माणसे कामाला लागत, आणि सायंकाळपर्यंत सॉसेज, चरबी, खारवलेले मांस असा वर्षभराचा साठा तयार होई. त्या दिवशी शेजाऱ्यांकडे चवीपुरते ताट पाठवावयाचे आणि त्यांच्या घरी डुक्कर कापले की तसेच ताट परत यावयाचे. याला 'कोश्तोलो' म्हणतात. आपल्याकडील वाटीचा शेजारधर्म जाणणाऱ्यास याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर राकोशी यांच्या राजवटीत याच घरगुती सणाचा गुन्हा झाला. शेतकऱ्याने सक्तीने द्यावयाचा धान्याचा आणि मांसाचा वाटा वाढत गेला. वसुली करणारे अंमलदार माळे झाडून नेत, इतके की 'माळा झाडणे' हा त्या काळाचाच वाक्प्रचार झाला. १९५१ साली पीठ, साखर व चरबी शिधापत्रिकेवर आली. परवान्याविना स्वतःचे डुक्कर कापणे म्हणजे 'काळी कत्तल', आणि तिला तुरुंगवासाची शिक्षा. सरकारी तक्ते भरण्यात उमेद घालविलेल्या माझ्यासारख्यास हे वाचताना चपापायला होते. त्या आकड्यांचाही हिशेब कोणीतरी सुवाच्य अक्षरांत ठेवलाच असेल. किती घरांनी दारे लावून, आवाज न करता ते काम उरकले, याची नोंद मात्र कुटुंबांच्या आठवणींतच राहिली.

१९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर सुमारे दोन लाख माणसांनी देश सोडला. परदेशातील उपाहारगृहांत त्यांना 'गुलाश' या नावाने दाट रस्सा वाढला जाई. त्यांच्या घरी त्या रश्श्याला 'पोर्कोल्ट' म्हणत; गुयाश हे चमच्याने पिण्याचे पातळ सार होते.